घशाचें दुखणें आणि हृदयाची झडप

घसा दुखणें हा कांहीं आजार आहे, असें बहुतेक घरांत कोणी मानीतच नाहीं. थंडीचे दिवस असावेत, शाळेंतून येतां येतां मुलानें चिंचा-बोरें खाल्लेलीं असावींत, आणि रात्रीं घांस गिळतांना दुखूं लागावें. आजीनें हळद घातलेलें दूध द्यावें, आईनें मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करावयास लावाव्यात, आणि चौथ्या दिवशीं मूल पुन्हा दप्तर घेऊन शाळेस जावें, हा क्रम घरोघर चालत आलेला आहे. त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. दहांपैकीं सात-आठ वेळां हा घसा सर्दीपडशाच्या अतिसूक्ष्म विषाणूंमुळें दुखतो व आपोआप बराही होतो. उरलेल्या दोन-तीन वेळां मात्र तेथें निराळाच पाहुणा येऊन बसलेला असतो. स्ट्रेप्टोकॉकस ह्या लांबलचक नांवाचा हा जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं मण्यांच्या माळेसारखा दिसतो. त्यानें आणलेलें घशाचें दुखणेंही चार-सहा दिवसांतच थांबतें. परंतु त्याचा हिशेब कधीं कधीं पंधरा-वीस वर्षांनीं पुढें येतो, आणि तो चुकता करावा लागतो हृदयाला.

हें कसें घडतें तें समजण्यासाठीं हृदयाच्या झडपा म्हणजे काय हें प्रथम पाहिलें पाहिजे. हृदय हा स्नायूंचा, चार दालनांचा पंप होय. वरचीं दोन दालनें, ज्यांस कर्णिका म्हणतात, तीं आलेलें रक्त घेतात. खालचीं दोन, म्हणजे जवनिका, तें पुढें ढकलतात. फुप्फुसांत शुद्ध झालेलें रक्त डाव्या कर्णिकेंत येतें, तेथून डाव्या जवनिकेंत उतरतें, आणि महारोहिणीच्या वाटेनें सर्व शरीरभर जातें. रक्तानें पुढेंच जावें, मागें फिरूं नये, म्हणून वाटेवर चार ठिकाणीं पातळ पण चिवट पडद्यांच्या झडपा बसविलेल्या आहेत. दिवसाकांठीं सुमारें एक लाख वेळां त्या उघडतात व मिटतात. छातीस कान लावला असतां जो ठोका ऐकूं येतो, तो मुख्यतः ह्या झडपा मिटण्याचाच. डावी कर्णिका आणि डावी जवनिका ह्यांच्या मधल्या झडपेस दोन पडदे असतात, म्हणून तिला द्विदल झडप म्हणतात. बिशपच्या डोक्यावरील मायटर नांवाच्या उभ्या टोपीसारखी ती दिसते म्हणून युरोपियन शारीरशास्त्रज्ञांनीं तिचें नांव मायट्रल असें ठेविलें. निरोगी मोठ्या माणसांत हें दार चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडतें. पुढील सर्व कथा प्रामुख्यानें ह्याच दाराची आहे.

घशांतला जंतु हृदयापर्यंत जाऊन तें कुरतडतो, असें मात्र समजूं नये. तो घशांतच राहतो व तेथेंच मरतो. बिघाड करतें तें शरीराचें स्वतःचें संरक्षक दळ. ह्या जंतूच्या अंगावर एक प्रकारचें प्रथिन असतें आणि त्याची घडण हृदयांतील कांहीं घटकांशीं मिळतीजुळती असते. चोरासारखा पोशाख केलेला घरचाच माणूस अंधारांत पहारेकऱ्यांच्या हातीं सांपडावा, तसा हा प्रकार होतो. जंतूवर चालून गेलेलीं शस्त्रें सांधे, त्वचा, मेंदू आणि हृदय ह्यांच्यावर वळतात. घसा बरा झाल्यानंतर साधारणतः दोन-तीन आठवड्यांनीं हें सुरू होतें, त्यामुळें दोन गोष्टींचा संबंध घरांतल्या कोणाच्याही ध्यानांत येत नाहीं. ह्या जंतूनें घसा धरलेल्या आणि औषध न मिळालेल्या शंभर मुलांपैकीं फार तर तिघांना असें होतें. तिघेच कां, ह्याचें पुरें उत्तर मिळालेलें नाहीं. आनुवंशिकतेचा कांहीं भाग त्यांत आहे, इतकें दिसतें. वय बहुधा पांच ते पंधरा, म्हणजे ऐन शाळेचें.

ह्या तापाला संधिवाताचा ताप असें म्हणतात, पण म्हाताऱ्या माणसांच्या संधिवाताशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. आज गुडघा सुजून लाल होतो, दोन दिवसांनीं तो उतरतो आणि घोटा धरतो, मग कोपर, मग मनगट. अ‍ॅस्पिरिन दिलें कीं दुखणें आश्चर्यकारक रीतीनें थांबतें, सांध्यांत व्यंग राहत नाहीं, आणि ‘वाताचा उमाळा होता, गेला’ असें म्हणून घरचीं माणसें सुटकेचा श्वास टाकतात. कित्येक घरांत तर ‘वाढीचें अंग दुखतें’ एवढ्यावरच भागतें. ह्याच दिवसांत हृदयाच्या झडपा आंतून सुजलेल्या असूं शकतात आणि त्या मुळींच दुखत नाहींत.

ह्याच रोगाचें एक रूप असें आहे कीं, त्याचा पहिला साक्षी पुष्कळदां डॉक्टर नसून शाळामास्तर असतो. कालपर्यंत वळणदार अक्षर काढणारी मुलगी एकाएकीं वेडेंवांकडें लिहूं लागते. हातांतली दौत सांडते, वाटी पडते. बसल्या जागीं खांदा उडतो, तोंड वेडावल्यासारखें होतें. विनाकारण रडूं येतें. घरीं धांदरटपणाबद्दल बोलणीं बसतात, वर्गांत अक्षराबद्दल छडी. सतराव्या शतकांत सिडनहॅम ह्या इंग्रज वैद्यानें ह्या हालचालींचें वर्णन करून ठेविलें आणि त्याचेंच नांव त्या विकारास मिळालें. हा विकार मुलग्यांपेक्षां मुलींत अधिक, आणि घसा दुखून गेल्यावर कित्येक महिन्यांनींही तो प्रकट होतो. हातांच्या ह्या हालचाली कालांतरानें थांबतात. पण अशा मुलीचें हृदय तपासून घेतलेंच पाहिजे, आणि ज्या शिक्षकानें छडी बाजूस ठेवून पालकांना बोलावून घेतलें, त्यानें त्या मुलीवर केलेले उपकार व्याकरणाच्या सर्व धड्यांपेक्षां मोठे होत.

ताप ओळखण्यास एकच एक परीक्षा नाहीं. १९४४ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर डकेट जोन्स ह्यांनीं लक्षणांची मोठीं व किरकोळ अशी वर्गवारी करून निदानाचे नियम बांधून दिले. पुढें ते अनेकदां सुधारले. २०१५ सालच्या सुधारणेंत एक महत्त्वाची गोष्ट मान्य झाली: ज्या देशांत हा रोग फार, तेथें एकच सांधा सुजला तरी संशय घ्यावा. श्रीमंत देशांत बसविलेली चाळणी गरीब देशांत वापरली तर खरे रोगीच तिच्यांतून गळून जातात, हें समजण्यास सत्तर वर्षें लागलीं.

आतां झडपेचें पुढें काय होतें? सुजलेले पडदे बरे होतात ते जखम भरून येते तसे, म्हणजे वण ठेवून. पुन्हा घसा, पुन्हा ताप, पुन्हा सूज. प्रत्येक वेळीं वण वाढतो. प्रथम बहुधा पडदे नीट मिटेनासे होतात आणि रक्त मागें गळूं लागतें. नंतर पडद्यांच्या कडा एकमेकींस चिकटत जातात, त्यांस ताणून धरणाऱ्या दोऱ्या आंखडतात, आणि चार-सहा चौरस सेंटिमीटरचें दार दीड, मग एक सेंटिमीटरवर येतें. माशाच्या तोंडासारखी नुसती फट उरते. मागें तुंबलेल्या रक्ताचा दाब फुप्फुसांवर पडतो. जिना चढतांना धाप लागते, मग पाण्याची कळशी उचलतांना, मग रात्रीं आडवें पडल्यावर. उशांची चळत करून बसल्या बसल्या झोप घ्यावी लागते. फुगलेली कर्णिका नियमित ठोका सोडून थरथरूं लागते, तिच्या कोपऱ्यांत रक्ताची गांठ बनते, आणि ती सुटून मेंदूंत गेली तर तिशीच्या माणसास अर्धांगवायु होतो. अशा रोग्यांपैकीं पुष्कळांना लहानपणीं सांधे सुजल्याचें आठवतसुद्धां नाहीं.

युरोप-अमेरिकेंतील जुन्या ग्रंथांत असें लिहिलेलें असे कीं, पहिल्या तापापासून झडप अरुंद होण्यास वीस-तीस वर्षें लागतात. भारतांतील डॉक्टरांना निराळाच अनुभव येत होता. १९६३ सालीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील एस. बी. रॉय आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत वीस वर्षांच्या आंतील मुलांमुलींमध्यें दिसणाऱ्या अतिशय अरुंद झडपांचें वर्णन प्रसिद्ध केलें. येथें रोग लवकर येतो, पुनःपुन्हा येतो, आणि घाईनें काम आटोपतो.

गंमत अशी कीं, विसाव्या शतकाच्या आरंभीं उष्ण देशांत काम करणारे बरेच युरोपियन डॉक्टर हा थंड व ओलसर मुलखाचा रोग आहे, हिंदुस्थानांत तो जवळजवळ नाहींच, असें मानीत. तिसाव्या सालानंतर पंजाब, मद्रास वगैरे भागांतील हिंदी डॉक्टरांनीं आपल्या वॉर्डांतील रोगी मोजून दाखविले, तेव्हां तो समज ढळला. रोगाचा खरा संबंध हवेपेक्षां जागेशीं आहे. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलींत सात-आठ माणसें निजतात, एका पांघरुणाखालीं तीन मुलें. एकाचा घसा धरला कीं आठवड्याच्या आंत सर्वांचा. मुंबईच्या चाळींत वाढलेल्या श्रोत्यांस हें चित्र निराळें सांगावयास नको. युरोप आणि अमेरिकेंत हा रोग पेनिसिलिन निघण्याच्या आधींच ओसरूं लागला होता, कारण तेथें घरें सुधारलीं, खोलींतलीं माणसें कमी झालीं. औषधानें नंतर ती उतरंड वेगानें पुरी केली. श्रेय देतांना डॉक्टरांच्या आधीं गवंड्याचें नांव घ्यावें लागेल, हें डॉक्टरांना फारसें रुचत नसलें तरी खरें आहे.

२०१५ सालासाठीं केलेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें ३ कोटि ३४ लक्ष लोकांच्या हृदयांत हा रोग होता. त्यांपैकीं सुमारें १ कोटि ३० लक्ष एकट्या भारतांत. त्या एका वर्षांत जगांत सुमारें ३ लक्ष १९ हजार मृत्यु झाले, भारतांत सुमारें १ लक्ष १९ हजार. आफ्रिका, भारत वगैरे मिळून १४ देशांतील इस्पितळांत पाहिलेल्या तीन हजारांहून अधिक रोग्यांचा जो अहवाल २०१५ सालीं निघाला, त्यांत रोग्यांचें मध्यम वय अवघें २८ होतें आणि तिघांपैकीं दोघी स्त्रिया होत्या. श्रीमंत देशांतही झडपा बिघडतात, पण त्या बहुधा सत्तरीच्या पुढें, चुना सांचून. भारतांतील मोठ्या शहरांतल्या सुखवस्तु घरांतही आतां तसले वृद्ध रोगी दिसूं लागले आहेत. एकाच इस्पितळाच्या एका बांकावर पंचाहत्तर वर्षांचे निवृत्त अधिकारी आणि एकोणीस वर्षांची मजूर मुलगी झडपेसाठींच बसलेलीं असतात, आणि दोघांच्या रोगाचें कारण अगदीं निराळें असतें.

रोग किती पसरला आहे हें मोजण्याची रीतही मध्यंतरीं बदलली. १८१६ सालीं पॅरिसच्या लेनेक ह्यांनीं कागदाची गुंडाळी छातीस लावून स्टेथॉस्कोपचा शोध लावला, तेव्हांपासून झडपेचा बिघाड कानानें ओळखीत. आतां ध्वनिलहरींनीं हृदयाचें हालतें चित्र पडद्यावर पाहतां येतें. कंबोडिया व मोझांबिक येथील शाळांत अशी तपासणी करून २००७ सालीं दाखविण्यांत आलें कीं, कानानें सांपडणाऱ्या रोग्यांच्या जवळजवळ दसपट रोगी डोळ्यांना सांपडतात. दिल्लीजवळच्या बल्लभगडच्या शाळांतील मुलांची अशीच तपासणी झाली. कानानें हजारांत जेमतेम एक मूल सांपडत होतें, तेथें यंत्रानें सुमारें वीस दाखविलीं. त्यांपैकीं सर्वांचाच रोग पुढें वाढतो असें नाहीं. म्हणून अशा मुलांना औषध द्यावें कीं न द्यावें, हा वाद कित्येक वर्षें चालला.

औषध म्हणजे पेनिसिलिन. अमेरिकेच्या वायोमिंग संस्थानांत वॉरेन नांवाचा हवाई दलाचा तळ आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील गर्दीच्या बराकींत घशाची सांथ सुरू झाली. डॉक्टरांनीं सुमारें आठशें रोग्यांना पेनिसिलिन दिलें, तितक्यांनाच दिलें नाहीं. १९५० सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें औषध न मिळालेल्यांत सतराजणांना संधिवाताचा ताप आला, औषध मिळालेल्यांत दोघांना. त्याच तळावर असेंही दिसून आलें कीं, ज्याचा पलंग रोग्याच्या पलंगाच्या जितका जवळ, तितका त्याला जंतु लागण्याचा संभव अधिक. घसा धरल्यापासून नऊ दिवसांच्या आंत औषध सुरू केलें तरी ताप टळतो, हीही मोलाची गोष्ट. तेव्हां गिळतांना दुखतें, ताप आहे, गळ्यांतल्या गांठी सुजल्या आहेत, पण सर्दी-खोकला मुळींच नाहीं, असें असेल तर मुलाला डॉक्टरांकडे नेण्यास आळस करूं नये. आणि त्यांनीं दहा दिवसांच्या गोळ्या दिल्यास तिसऱ्या दिवशीं बरें वाटलें म्हणून उरलेल्या फडताळांत टाकूं नयेत.

एकदां ताप येऊन गेलेल्या मुलासाठीं दुसरी योजना आहे. बेन्झाथिन पेनिसिलिन हें स्नायूंत टोंचल्यावर हळूहळू विरघळणारें औषध दर तीन किंवा चार आठवड्यांनीं देतात. मोठ्या माणसाला १२ लक्ष युनिटें. हृदय शाबूत असेल तर निदान पांच वर्षें आणि बहुधा अठरा-एकवीसच्या वयापर्यंत. झडप बिघडली असेल तर पुष्कळदां चाळिशीपर्यंत. ऐकावयास सोपें, पण करावयास फार अवघड. सुई जाड, टोंचल्यावर दोन दिवस कंबर दुखते, दवाखाना लांब, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि मूल तर दिसावयास ठणठणीत. पेनिसिलिनची क्वचित् भयंकर प्रतिक्रिया येते, ह्या भीतीनें कित्येक खाजगी दवाखाने तें टोंचण्याचेंच नाकारतात. ही प्रतिक्रिया फार विरळ आहे, आणि तयारी ठेवून, रोग्यास थोडा वेळ बसवून घेऊन सरकारी इस्पितळांत हीं इंजेक्शनें रोज दिलीं जातात. शिवाय हें औषध इतकें स्वस्त कीं तें बनविण्यांत कारखान्यांना गोडी नाहीं. बाजारांतून तें अधूनमधून नाहींसें होतें. महाग औषध परवडत नाहीं ही तक्रार नेहमींची. स्वस्त आहे म्हणून मिळत नाहीं ही तक्रार ह्या रोगाच्या वांट्यास आली आहे.

यंत्रानें सांपडलेल्या, पण कांहींच त्रास नसलेल्या मुलांच्या वादाचा निकाल युगांडा देशांत लागला. तेथील सुमारें आठशें मुलांपैकीं निम्म्यांना दोन वर्षें दर महिन्यास इंजेक्शन दिलें. न दिलेल्यांपैकीं शेंकडा आठांचा रोग वाढला. दिलेल्यांत शंभरांत एकाचाही पुरता नाहीं. हा निष्कर्ष २०२२ सालच्या आरंभीं छापून आला. जागतिक आरोग्य सभेनें २०१८ सालीं ह्या रोगाविषयीं ठराव केला होता, आणि २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें उपचाराचीं मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. लस अद्याप नाहीं. जंतूच्या अंगावरच्या प्रथिनाचे दोनशेंहून अधिक प्रकार आहेत, ही त्यांतली मोठी अडचण.

मुलींच्या बाबतींत एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, कारण घरोघर ती दडपली जाते. हृदयाचा रोग आहे असें कळलें तर लग्न जमणार नाहीं, म्हणून इंजेक्शनें बंद करतात, कागद ट्रंकेच्या तळाशीं जातात, आणि मुलगी सासरीं जाते. पुढें दिवस राहतात. गरोदरपणीं शरीरांतील रक्त दीडपटीच्या जवळपास वाढतें, नाडीही जलद चालते. अरुंद दारांतून अधिक रक्त जावयाचें आणि दोन ठोक्यांमधला वेळ मात्र कमी. सहाव्या-सातव्या महिन्यांत किंवा बाळंतपणाच्या वेळीं फुप्फुसांत पाणी भरतें. पुष्कळ स्त्रियांना आपल्या हृदयाचें दुखणें प्रथम कळतें तें असें, मध्यरात्रीं, गाडीची वाट पाहतांना. आधीं तपासणी झाली असती तर दार लग्नापूर्वींच मोकळें करतां आलें असतें, आणि अशा कित्येक स्त्रिया सुखरूप बाळंत होऊन नांदतही आहेत. लपविल्यानें लग्न वांचतें, मुलगी वांचतेच असें नाहीं.

दार मोकळें करण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमध्यें सौटर ह्या शल्यवैद्यानें १९२५ सालीं एका तरुण मुलीच्या हृदयांत बोट घालून झडप सैल केली. मुलगी वांचली, पण सौटरकडे दुसरा रोगी कोणी पाठविला नाहीं. १९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेंत बेली व हार्केन ह्यांनीं थोड्याच दिवसांच्या अंतरानें तीच क्रिया यशस्वी केली आणि मार्ग खुला झाला. भारतांत हें काम मोठ्या प्रमाणावर झालें. एकट्या वेल्लूरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयानें १९८३ सालीं साडेतीन हजारांहून अधिक रोग्यांवरील ह्या शस्त्रक्रियेचा अनुभव प्रसिद्ध केला. १९८२ सालीं जपानच्या कांजी इनोउए ह्यांनीं छाती न उघडतां, जांघेंतील नीलेंतून नळी नेऊन तिच्या टोंकाचा फुगा झडपेंत फुगविण्याची युक्ति काढली. १९८५ सालीं दिल्लींतील तरुण रोग्यांवरील अशाच उपचाराचा वृत्तान्त भारतीय व अमेरिकन डॉक्टरांनीं मिळून छापला. आज दार अरुंद, पण पडदे मऊ, गळती थोडी, अशा रोग्यास बहुधा फुग्यानेंच बरें वाटतें; तो दोन-तीन दिवसांत घरीं जातो. वण राहतोच, आणि कांहीं वर्षांनीं दार पुन्हा अरुंद होऊं शकतें.

पडदे अगदींच ताठरले असतील तर झडप बदलावी लागते. परदेशी झडपांची किंमत भारतीय रोग्याच्या आवांक्यापलीकडची होती. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेंत शल्यवैद्य वलियथान ह्यांनीं देशी झडप करावयास घेतली. पहिले तीन नमुने फसले, चौथा टिकला, आणि तो ६ डिसेंबर १९९० रोजीं प्रथम रोग्यास बसविला. तेव्हांपासून एक लक्षाहून अधिक चित्रा झडपा बसविण्यांत आल्या आहेत. धातूच्या अशा झडपेवर रक्त गोठूं नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गांठ होते, जास्त झाली तर रक्तस्राव. प्रमाण बरोबर आहे कीं नाहीं हें रक्त तपासूनच कळतें, आणि मेथी-पालक रोज खाणें व एकदम सोडणें ह्यानेंही तें बदलतें. तपासणी नको असलेलीं नवीं औषधें निघालीं आहेत, तीं धातूच्या झडपेवर चालत नाहींत. अरुंद झडप व थरथरती कर्णिका असलेल्यांवर त्यांतील एक औषध २४ देशांत वापरून पाहिलें, तेव्हां २०२२ सालीं असें दिसलें कीं जुन्या पद्धतीच्या गोळीवर अधिक रोगी जगतात. गरोदरपणीं ह्या गोळीचा गर्भासही अपाय होऊं शकतो. ज्या तालुक्याच्या गांवीं ही रक्ततपासणी होत नाहीं, तेथील रोग्यास महिन्याच्या महिन्यास जिल्ह्याच्या ठिकाणीं जावें लागतें. म्हणून तरुण वयांत, आणि विशेषतः मुलींच्या बाबतींत, शक्य असेल तोंवर मूळची झडपच दुरुस्त करून चालवावी, असा शल्यवैद्यांचा कल असतो.